कालचक्राच्या मंडपातील एक निरीक्षक

धम्म ऐकण्यासाठी देशाची सीमा ओलांडून गेलेल्या मराठी माणसांची यादी करावयास बसलो, तर ती फार लांबत नाही. गोव्यातील साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली श्रीलंकेस पोहोचले, कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांकडे पाली शिकले आणि तेथेच श्रामणेर झाले. घरी पत्नी आणि लहान मुलगी, जवळ पैसा नाही, अशा अवस्थेत हा मनुष्य केवळ बुद्धाचे मूळ वचन वाचता यावे म्हणून निघाला होता. त्यानंतर १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच श्रीलंकेत कँडी येथे भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले. बाबासाहेबांनी तेव्हा धम्मदीक्षा घेतलेली नव्हती; म्हणून प्रतिनिधी या नात्याने बोलण्याचे त्यांनी टाळले. बौद्धांचे विधी प्रत्यक्ष कसे होतात, आणि या लोकांच्या जगण्यात धम्म कितपत जिवंत आहे, हे आपणांस पाहावयाचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९५४ साली ते रंगूनच्या परिषदेसही गेले. पाहणे, तपासणे आणि मग स्वीकारणे हा क्रम त्यांनी स्वतःपुरता कटाक्षाने पाळला, आणि त्याला सहा वर्षे दिली.

आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेसाठी ‘एखादा धम्मप्रवास’ लिहावा, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा माझ्या मनात प्रथम ही दोन नावे आली. माझा प्रवास त्यांच्यापुढे अगदीच लहान. मी देश ओलांडला नाही. अर्जुनीच्या रेल्वे स्थानकावरून बोधगयेपर्यंत गेलो आणि परत आलो. परंतु ज्यांच्यासोबत गेलो, त्यांच्या दृष्टीने अर्जुनी काय आणि बोधगया काय, दोन्ही परदेशच होते. ही गोष्ट जानेवारी २०१७ मधील, बोधगयेत झालेल्या चौतिसाव्या कालचक्र समारंभाची आहे.

हे सोबती कोण, ते आधी सांगतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या बाजूला, गोठणगाव आणि प्रतापगड यांच्या परिसरात नोर्गेलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे. १९७२ साली ती वसली. तेव्हा गोंदिया जिल्हा अस्तित्वात नव्हता. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्याचे विभाजन होऊन तो झाला. तिबेटी लोकांच्या बोलण्यात मात्र ही वसाहत अजूनही ‘भंडारा’च आहे. हिमालयापलीकडच्या कोरड्या थंडीत वाढलेली ही माणसे झाडीपट्टीच्या उन्हात आणि डासांत येऊन पडली, धानाच्या बांध्या करू लागली, आणि पावसाळा सरला की लुधियानाहून स्वेटरांचा माल आणून शहरोशहरी विकू लागली. आमच्या भागातील एका पिढीच्या अंगावरचा पहिला लोकरी कपडा या लोकांच्या हातून आलेला आहे.

ते आले तेव्हा आमच्या गावात आनंदीआनंद झाला, असे लिहिणे खोटे ठरेल. बाबा सांगत की, आमच्या वस्तीतील कित्येक घरांना तेव्हा एक बांधीही नव्हती. सरकारने परक्यांना जमीन दिली, आणि पिढ्यान्‌पिढ्या या मातीत राबलेल्यांना का नाही, ही कुरकुर अगदी उघड होती. तिच्यात तथ्यही होते. परंतु बाबांनी त्या वेळी दिलेले एक उत्तर आईच्या तोंडून मी अनेकदा ऐकले आहे: “जमीन सरकारले माग. त्यायच्याकडं बोट नको दाखवू. त्यायचं गावच हिसकून घेतलं कोनी.” बाबा १९५६ साली अठरा वर्षांचे होते आणि १४ ऑक्टोबरला नागपूरला होते. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना मत दिले होते, आणि बाबासाहेब हरले त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला एक योगायोग नेहमी गमतीचा वाटतो. त्याच १९५४ साली, तिकडे ल्हासाच्या नोर्बुलिंकामध्ये, विशीही न गाठलेल्या दलाई लामांनी आपल्या आयुष्यातील पहिले कालचक्र दिले. आमच्या धुऱ्यापलीकडे राहायला येणारे लोक त्या गर्दीत असतील, ही कल्पना तेव्हा कोणाला असणार?

वसाहतीतील एका वृद्ध बाईंशी आमच्या घराचा तीस वर्षांचा घरोबा आहे. तिबेटी लोक आईला ‘आमा’ म्हणतात. आम्हीही त्यांना आमाच म्हणतो. त्या मला गुरुजी म्हणतात. २०१६ च्या दिवाळीनंतर त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, कुंदुन बोधगयेत बसणार हाय. माझे गुडघे गेले. पोरगी कॅनडात. तुमी चला ना जी संगं. तुमी बी तर बुद्धवालेच.” दलाई लामांना ते लोक ‘कुंदुन’ म्हणतात. मी शाळेतून अर्जित रजा काढली आणि पत्नीने गरम कपड्यांची पिशवी भरली.

विहारात मात्र हे वृत्त सरळपणे स्वीकारले गेले नाही. रविवारच्या बुद्धवंदनेनंतर एका ज्येष्ठ उपासकांनी सर्वांसमक्ष विचारले, “गुरुजी, तंत्र-मंत्रानं धम्माची वाट लावली, हे तुम्हीच आमच्या पोरांना शिकवता. आता तुम्हीच मंडल पाहायला चाललात? लामापुढं लोटांगण घालणार काय?” प्रश्न टोचणारा होता, पण अयोग्य नव्हता. बावीस प्रतिज्ञा हे आमच्या घरांचे संविधान आहे. देवदेवतांना नकार, अवताराला नकार, श्राद्ध-पिंडदानाला नकार. आणि कालचक्र म्हणजे शेकडो देवतांचे मंडल, अभिषेक, मंत्र. शिवाय दलाई लामा हे पूर्वीच्या दलाई लामांचा पुनर्जन्म मानले जातात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी आत्मा नसताना पुनर्जन्म कोणाचा, हा प्रश्न स्वच्छ शब्दांत उभा केला आहे. तो प्रश्न बाजूला ठेवून मी कोठेही जाणार नव्हतो. मी त्या काकांना एवढेच म्हणालो की, बाबासाहेब कँडीला गेले होते तसा जाईन. पाहीन आणि येऊन सांगेन. त्यांनी मान हलविली, पण चेहऱ्यावरची आठी गेली नाही.

नागपूर, इटारसी, मुघलसराय असे गाड्या बदलत आम्ही निघालो. जानेवारीतील धुक्यामुळे शेवटची गाडी कितीतरी तास रखडली. गया स्थानकावर उतरल्याबरोबर पंड्यांची माणसे भोवती जमली आणि कोणाचे श्राद्ध करावयाचे आहे, गाव कोणते, आडनाव काय, असे विचारू लागली. आमा घाबरून माझ्या मागे झाल्या. पिंडदानाची ही जगप्रसिद्ध नगरी आणि बुद्धाच्या संबोधीचे स्थान यांच्यामध्ये जेमतेम बारा-पंधरा किलोमीटरचे अंतर आहे. ते अंतर रिक्षातून कापताना माझ्या मनात महाबोधी विहाराचा प्रश्न होता. १९४९ च्या कायद्याने त्या विहाराच्या व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी अशी रचना केली. भदंत सुरेई ससाई यांच्या नेतृत्वाखाली १९९२ पासून आमच्या विदर्भातील हजारो माणसे या व्यवस्थेविरुद्ध बोधगयेला गेली. त्यांत माझे दोन चुलतभाऊ होते. म्हणजे आमच्या घरातून बोधगयेला जाण्याची रीत मोर्च्याची होती. मुक्कामाला, अंथरूण-पांघरूण घेऊन, निघालेला मीच पहिला.

बोधगया त्या दिवसांत गाव राहिलेलेच नव्हते. सुमारे दोन लाख माणसे आली होती, असे सांगत. लडाख, स्पिती, सिक्कीम, भूतान, अरुणाचल. मंगोलियाचे उंच टोप्यांचे लोक. गोरे, जपानी, कोरियन. मैदानावर अफाट मंडप, आत चटया, आणि प्रत्येक कुटुंबाने आपल्या जागेवर घोंगडी अंथरून खडूने नाव लिहून ठेवलेले. छायाचित्राचा लहान परवाना गळ्यात अडकविल्याखेरीज आत सोडत नसत. प्रवचन तिबेटी भाषेत. पण लहान रेडिओ कानाला लावला की निरनिराळ्या भाषांतील अनुवाद ऐकू येई. मी हिंदीची लहर लावून बसे. दोन्ही बाजूंनी कोवळे भिक्खू मोठाल्या किटल्या घेऊन धावत येत आणि लोणी-मिठाचा चहा ओतत, सोबत जाड पाव. तो चहा चहा म्हणून प्यायला तर घशाखाली उतरत नाही. सार समजून प्यायला की बरा लागतो. ही युक्ती मला आमाने शिकविली.

पहिल्या दिवशी दलाई लामा मंचावर आले, तेव्हा सारा मंडप उठला आणि जमिनीला साष्टांग लागला. मी उभा राहिलो, हात जोडले, वाकलो नाही. ही माझ्या मनाची अढी नव्हे. माझे आजोबा ज्या काळात जगले त्या काळात त्यांना गावच्या मालगुजारापुढे जमिनीला हात लावून ‘जोहार मायबाप’ म्हणावे लागे. बाबांनी ते पाहिले होते, आणि त्यांनी आयुष्यात कोणा जिवंत माणसाच्या पायांवर डोके ठेवले नाही. आम्हां मुलांनाही ठेवू दिले नाही. हा आमच्या घराचा शिष्टाचार आहे आणि तो मी तेथे मोडला नाही. पण उभा असल्यामुळे मला एक दिसले, जे वाकलेल्यांना दिसले नसेल. आसनावर चढण्यापूर्वी त्या ऐंशी ओलांडलेल्या माणसाने बुद्धमूर्तीकडे तोंड केले आणि गुडघे टेकून, कपाळ टेकून, तीन वेळा वंदन केले. उठताना बाजूच्या भिक्खूने आधार दिला. मग ते आसनावर बसले.

अभिषेकाच्या आधीचे चार दिवस, ५ ते ८ जानेवारी, ग्रंथप्रवचनाचे होते. शांतिदेवांचा ‘बोधिचर्यावतार’ आणि कमलशीलांचा मधला ‘भावनाक्रम’. माझ्यासाठी या प्रवासातील खरी मिळकत हीच. कमलशील हे आठव्या शतकातील भारतीय आचार्य, नालंदेच्या परंपरेतील, शांतरक्षितांचे शिष्य. तिबेटच्या राजाने बोलाविले म्हणून ते हिमालय ओलांडून गेले आणि साम्ये येथील प्रसिद्ध वादविवादात त्यांनी क्रमाने, विचारपूर्वक साधना करण्याची बाजू मांडली. त्यांचे तीन ‘भावनाक्रम’ आहेत. पहिल्याची आणि तिसऱ्याची संस्कृत संहिता उपलब्ध आहे, मधल्याची मूळ संस्कृत संहिता हरवली. ती उरली फक्त तिबेटी अनुवादात. म्हणजे असे पाहा: आमच्या भूमीत लिहिलेला ग्रंथ आम्ही गमावला, परक्या देशाने तो बाराशे वर्षे जपला, त्या देशाचा देशोधडीला लागलेला माणूस तो ग्रंथ घेऊन आमच्याच भूमीत बसला आहे, आणि मी, या भूमीचा रहिवासी, रेडिओ कानाला लावून तो हिंदी अनुवादातून ऐकतो आहे. राहुल सांकृत्यायन १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटात गेले आणि हरवलेल्या संस्कृत पोथ्यांचा शोध घेऊन आले, हे मी वर्गात दरवर्षी सांगत आलो आहे. त्या मंडपात बसेपर्यंत ते माझ्यासाठी परीक्षेतील टिपेसारखे होते.

प्रवचनाच्या पद्धतीविषयी एक मत नोंदवितो. मला चमत्कारकथा ऐकाव्या लागतील असे वाटले होते. त्याऐवजी तर्क होता. सोनार सोने जसे तापवून, कापून, घासून पाहतो तसे माझे वचन पारखा, केवळ आदरापोटी घेऊ नका, हे बुद्धवचन दलाई लामा वारंवार सांगतात, तेथेही सांगितले. एकविसाव्या शतकाचे बौद्ध व्हा, नुसती परंपरा म्हणून मंत्र म्हणू नका, अभ्यास करा, हेही त्यांचे नेहमीचे सांगणे. हे ऐकताना मला आमच्या विहारातील त्या काकांची आठवण झाली. त्यांना हे ऐकता आले असते तर बरे झाले असते, असे वाटले.

तथापि सगळेच गोड लागले असे नाही. भारत हा आमचा गुरू, आम्ही तिबेटी चेले. भारताने अहिंसा आणि धर्मांमधील सौहार्द हजारो वर्षे सांभाळले, असे ते कृतज्ञतेने म्हणतात. टाळ्या पडतात. माझे हात त्या वाक्याला वाजले नाहीत. ज्या भारताचे हे कौतुक होते, त्या भारतात माझ्या आजोबांना विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. दलाई लामांनी जातिभेदाविरुद्धही स्पष्टपणे बोलून ठेवले आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु आश्रयाला आलेला पाहुणा घरमालकाच्या घरातील भांडण किती बोलणार? त्यांचे कौतुक खरे आहे, पण ते अर्ध्या घराचे आहे. नालंदेचा भारत आणि मनुस्मृतीचा भारत हे एकाच भूमीवर एकमेकांशी झगडत होते. त्यांपैकी एक हरला, म्हणून तर ग्रंथ तिबेटात शोधावे लागले. हे वाक्य मी त्या रात्री वहीत लिहिले आणि आमाला हिंदीत वाचून दाखविले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “हे कुंदुनले कोनी सांगाले पायजे.”

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावा असे मला वाटले, तिच्याकडे येतो.

आमाच्या धाकट्या बहिणीचा मुलगा तिबेटातून येणार होता. आमा १९५९ नंतरच्या पळापळीत लहानपणी आईच्या पाठीवर इकडे आल्या. बहीण तिकडेच राहिली, आणि तिचा संसार, मुले, सारे तिकडेच झाले. तो मुलगा पारपत्र मिळवून नेपाळपर्यंत आला, असा निरोप नोव्हेंबरात मिळाला होता. म्हणूनच तर गुडघ्यांची तमा न बाळगता आमा निघाल्या होत्या. पण त्या हिवाळ्यात चिनी अधिकाऱ्यांनी तिबेटातील लोकांची पारपत्रे परत घेण्यास सुरुवात केली, आणि जे आधीच भारत-नेपाळात पोहोचले होते त्यांना ठरावीक मुदतीत परत या, नाहीतर घरच्यांना भोगावे लागेल, असे निरोप गेले. हजारो यात्रेकरू प्रवचन सुरू होण्याच्या आधीच माघारी फिरले. बोधगयेत ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. तिबेटी तंबूंत दुसरा विषय नव्हता. भाचा काठमांडूहून परत गेला. आम्हांला ते कळले ६ जानेवारीला, दुपारच्या चहाच्या वेळी, एका ओळखीच्या स्वेटरवाल्याच्या फोनवरून.

आमा रडल्या नाहीत. त्यांनी आपल्या चटईच्या शेजारी एक रिकामी सतरंजी आणून अंथरली होती, भाच्यासाठी. ती त्यांनी उचलली नाही. गर्दी एवढी की हातभर जागेसाठी लोक भांडत. तरी त्या शेजारच्यांना हात जोडून सांगत, इथे कोणीतरी येणार आहे. येऊ न शकलेल्यांविषयी दलाई लामा आसनावरून बोलले. शरीराने दूर असलात तरी मनाने येथेच आहात असे समजा, मी तुम्हांला धरूनच देतो आहे, अशा अर्थाचे. रेडिओतील अनुवादकाचा आवाजही तेव्हा थांबत थांबत येत होता. मी माझी पथारी उचलून दोन ओळी मागे, खांबाजवळ नेली, म्हणजे त्या सतरंजीवर माझे पाय तरी जाऊ नयेत. उरलेले सारे दिवस मी तेथूनच ऐकले.

१० जानेवारीला अभिषेकाच्या पूर्वतयारीत प्रत्येकाला कुश गवताच्या दोन काड्या वाटण्यात आल्या. एक उशीखाली, एक गादीखाली ठेवावयाची आणि रात्री पडणारी स्वप्ने ध्यानात ठेवावयाची, अशी त्यांची रीत. ज्यांना दीक्षा घ्यावयाची नाही त्यांनी केवळ साक्षी म्हणून बसावे, याला पूर्ण मुभा होती. कोणी जबरदस्ती करीत नव्हते. मी साक्षी म्हणून बसणार, हे ठरलेलेच होते. तरी वाटणाऱ्या श्रामणेराने हसत माझ्या हातावर काड्या ठेवल्या आणि मी चमकलो. हा तर दर्भ! श्राद्धाचा, पवित्रकाचा, भटजींच्या बोटांतला दर्भ. गयेच्या पंड्यापासून वाचलो आणि येथे त्याच गवताने गाठले, असे क्षणभर वाटले. मग ध्यानात आले की बोधिवृक्षाखाली बसण्यापूर्वी सिद्धार्थाला ज्याने गवताच्या मुठी दिल्या, तो सोत्थिय नावाचा एक गवत कापणारा होता, अशी आपल्याच परंपरेतील कथा आहे. गवत कुशाचेच. एका मोलमजुराने दिलेले आसन. ते पुढे कोणाच्या बोटांत गेले आणि कोणाला शिवण्यापासून वर्ज्य झाले, हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि मी इतिहासाचा शिक्षक आहे. त्या काड्या मी उशीखाली ठेवल्या नाहीत. वहीत ठेवल्या. त्या आजही वहीत आहेत, आणि आठवीच्या वर्गात बुद्धचरित्र शिकविताना मी त्या मुलांच्या हाती देतो. एक मुलगी दरवर्षी तरी निघतेच, जी वास घेऊन सांगते की हे आमच्या बोडीच्या पाळीवरच्या गवतासारखेच आहे.

११ ते १३ जानेवारी हे मुख्य अभिषेकाचे दिवस. लोकांनी कपाळावर तांबड्या पट्ट्या बांधल्या, देवतांची नावे घेतली गेली, मंत्र झाले. त्यातील पुष्कळ मला कळले नाही, आणि कळले त्यातील पुष्कळ पटले नाही. रंगीत वाळूचे मंडल मात्र मी रांगेत दोन तास उभा राहून पाहिले. कलाकुसर थक्क करणारी होती. एवढ्या बारकाईने रचलेले ते मंडल समारंभानंतर मोडून टाकतात, हे ऐकून अनित्यतेवर व्याख्यान देण्याचा मोह एखाद्याला झाला असता. आमाच्या मते ती वाळू पाण्यात सोडली की माशांचे भले होते, एवढेच. रंगूनच्या परिषदेत बाबासाहेबांनी उत्सवांच्या रोषणाईवरील खर्च धम्मप्रसाराकडे वळवा असे यजमानांना सुनावले होते, ते मला या मंडपातही आठवले. दोन लाख माणसांच्या त्या खर्चात किती शाळा झाल्या असत्या, हा हिशेब माझ्यासारख्या मास्तराच्या डोक्यात येणारच.

रात्री तंबूत आमा मला प्रश्न विचारीत. त्यांना बाबासाहेब म्हणजे निळा कोट घातलेले, हातात पुस्तक असलेले, चौकाचौकांत उभे असलेले गृहस्थ, एवढेच ठाऊक. मी त्यांना सांगितले की १९५६ च्या नोव्हेंबर अखेरीस, बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त, एकवीस वर्षांचे दलाई लामा दिल्लीत आले होते, आणि त्याच आठवड्यात काठमांडू, बोधगया, सारनाथ, कुशीनगर करून बाबासाहेब दिल्लीस परतले होते. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. एक ल्हासाहून आलेले, एक नागपूरला लाखोंना दीक्षा देऊन आलेले, एकाच शहरात. आमा उठून बसल्या. “मग बोलले का काही?” मी म्हणालो, बोलले असते तर कोणत्या भाषेत बोलले असते तेही सांगता येत नाही. मग त्यांनी विचारले, “तुमच्या बाबासाहेबाचा पुनर्जन्म कुठं झाला?” मी सांगितले की आम्ही तसे मानत नाही. त्यांची पुस्तके आहेत, संविधान आहे, आम्ही आहोत. त्यांना ते अजिबात पटले नाही. मला त्यांचे पटत नव्हते. कंदील विझवून आम्ही झोपलो.

याच संदर्भात एक गोष्ट विहारात परत आल्यावर मी मुद्दाम सांगितली, कारण ती आमच्या लोकांना ठाऊक नसते. १६४२ पासून दलाई लामा हे पद धर्माबरोबर राज्यसत्तेचेही होते. २०११ साली या दलाई लामांनी आपले सर्व राजकीय अधिकार निवडून आलेल्या नेत्याकडे सोपविले. कोणी मागितले नसताना, उलट आपलेच लोक नको नको म्हणत असताना. ज्यांना पुनर्जन्म मान्य नाही त्यांनीही वाचावे असे हे इतिहासातील पान आहे. काकांनी ते ऐकून घेतले. “आणि लोटांगण?” त्यांनी विचारले. नाही घातले, असे मी सांगितल्यावर ते म्हणाले, “बरं झालं,” आणि मग थोड्या वेळाने, “त्या आमाच्या भाच्याचं काय झालं मग?”

त्याचे पुढे काही कळले नाही. फोन लागत नाही, आणि लावलाच तर त्याच्यावरच संकट येईल, म्हणून आमा लावत नाहीत.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला अशोक विजयादशमी होती. आमा म्हणाल्या, तुमी माझ्यासंगं आलते, मी तुमच्यासंगं येतो. लुधियानाचा माल आणायला जाण्याचे त्यांचे दिवस होते, ते त्यांनी पुतण्यावर सोपविले. नागपूरच्या दीक्षाभूमीवर आम्ही पहाटे पोहोचलो. त्यांचा पायघोळ पोशाख पाहून आयाबाया वाट करून देत होत्या, कोणी जेवणाची पाकिटे आणून देत होते. स्तूपाच्या आत जाण्यापूर्वी त्यांनी मला विचारले, वाकू का? मी म्हटले, तुमचे मन असेल तसे करा, नुसते पाहिले तरी चालते. त्यांनी आपल्या रीतीने तीन वेळा वंदन केले. बाहेर बावीस प्रतिज्ञांचा शिलालेख आहे. तेथे थांबून एक एक प्रतिज्ञा हिंदीत सांग म्हणाल्या. मी सांगत गेलो. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असे मी मानणार नाही, ही पाचवी प्रतिज्ञा आली तेव्हा त्या हसू लागल्या. “हे आमच्याकडं तर कोनी म्हनतच नाई जी. हे कोन म्हनते?” आजूबाजूची दहा-बारा माणसे ऐकत उभी होती. त्यांतील एका म्हाताऱ्या बाईने आमाचा हात धरला, त्यांना बाजूच्या पायरीवर बसविले आणि कोण म्हणते ते सविस्तर सांगावयास सुरुवात केली.